एन्क्रिप्ट केलेला फोटो पलीकडे उघडत नाही, तेव्हा आधी काय तपासायचं

"पासवर्ड बरोबर टाकतोय, पण फोटो उघडत नाही." खासगी फोटो एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डचं कुलूप लावून, पाठवायला लागलेल्या माणसांकडून हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकायला मिळतं. कधी स्क्रीनवर नुसते रंगीत ठिपके दिसतात, कधी 'राँग पासवर्ड' येतं, कधी फाइल उघडते पण आतलं चित्र दिसत नाही. दोन-तीनदा असं झालं की पाठवणारा वैतागतो आणि म्हणतो, "जाऊ दे, साधाच पाठवतो."

मला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची. आईच्या ऑपरेशनच्या टाक्यांचा फोटो, आधार कार्ड, बाळाच्या अंघोळीचा फोटो, नवरा-बायकोचे आपसातले फोटो त्या वैतागात उघडेच जातात. आणि बहुतेक वेळा एन्क्रिप्शन बिघडलेलं नसतंच. एकतर फाइल रस्त्यात बदललेली असते, नाहीतर पासवर्ड दिसायला तोच पण आतून वेगळा असतो, नाहीतर समोरच्याकडे ती फाइल उघडणारं ॲप नसतं. तिन्हींवर उपाय आहे. त्यामुळे साधा फोटो पाठवण्याआधी जरा थांबा.

फाइल रस्त्यात बदलली का?

सगळ्यात आधी विचारा: फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवला की 'डॉक्युमेंट' म्हणून? निम्मं निदान इथेच होतं.

'इमेज एन्क्रिप्शन' नावाने मिळणारी साधनं दोन प्रकारची असतात. एक प्रकार फोटोतले पिक्सेलच बदलून टाकतो. बाहेर येतं तेही चित्रच असतं, पण त्यात नुसते ठिपके दिसतात. दुसरा प्रकार फोटोकडे चित्र म्हणून बघतच नाही. सगळी फाइल कुलूपबंद करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. पहिल्या प्रकारातलं ठिपक्यांचं चित्र गॅलरीत दिसतं, म्हणून माणूस ते नेहमीसारखं गॅलरीतून उचलून पाठवतो. आणि व्हॉट्सॲप नेहमीसारखंच ते लहान करतं.

लहान करायला वापरली जाणारी जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे, म्हणजे रंगीत ठिपक्यांचे, चौकोन करते. शेजारशेजारचे पिक्सेल साधारण सारखे असतात हे गृहीत धरून बारीक फरक टाकून देते. चेहरा, आभाळ, भिंत यांत ते डोळ्याला कळत नाही. एन्क्रिप्ट केलेल्या चित्रात मात्र बारीक फरकांखेरीज काही नसतंच, त्यामुळे जे टाकलं जातं तोच तुमचा फोटो असतो. त्यात एईएस हे सर्रास वापरलं जाणारं एन्क्रिप्शन १६-१६ बाइटच्या ठोकळ्यांवर काम करतं, आणि त्याच्या नेहमीच्या काही पद्धतींमध्ये ठोकळ्यातला एक बिट बदलला तरी उलगडताना तो अख्खा ठोकळा वाया जातो. मग पासवर्ड कितीही बरोबर असो, पलीकडे ठिपकेच दिसणार. 'एचडी' निवडून पाठवलं तरी फोटो थोडाफार दाबला जातोच. गूगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा पर्याय चालू असेल तर तिथे ठेवलेल्या प्रतीचंही असंच होऊ शकतं.

उपाय साधा आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ईमेलला जोडा. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. मग दोन्ही बाजूंना फाइलचा आकार बाइटमध्ये बघा. केबीत किंवा एमबीत नको, तिथे आकडा ढोबळ करून दाखवतात. एका बाइटचाही फरक असेल तर पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नाही. अर्ध्यात तुटलेलं डाउनलोडही इथेच पकडलं जातं. एसटीत बसून, मध्येच रेंज गेलेली असताना उतरवलेल्या फाइलचं हे नेहमीचं दुखणं आहे.

आकार जुळला आणि तरी शंका असेल तर एसएचए-२५६ काढा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा. सेव्हन-झिप हे फाइली बांधून कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर त्याच्या मेनूत हा पर्याय मिळतो. ६४ अक्षरांची एक ओळ येते. फोनवर पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं वाचून दाखवा. फाइल वाटेत बिघडली असेल तर ओळ पूर्ण वेगळी येते, त्यामुळे एवढं वाचलेलं पुरतं.

पिक्सेल विस्कटणाऱ्या साधनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्वतःच्या खासगी फोटोंसाठी ती वापरू नका. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय छान आहे, गणित शिकायला मिळतं. पण त्यातली गाजलेली 'अरनॉल्ड कॅट मॅप' पद्धत पिक्सेलच्या फक्त जागा बदलते, रंग तेच राहतात. शिवाय तीच क्रिया पुन्हापुन्हा करत राहिलं की मूळ चित्र आपोआप परत येतं. १५० बाय १५० पिक्सेलचं चित्र ३०० फेऱ्यांत जागच्या जागी येतं, त्याला किल्ली लागत नाही. दुसरं ठळक उदाहरण लिनक्सच्या पेंग्विनचं. ते चित्र एईएससारख्या भक्कम पद्धतीने पण 'ईसीबी' या प्रकारात एन्क्रिप्ट केलं तरी पेंग्विनची आकृती ओळखू येते, कारण सारख्या ठोकळ्याचं उत्तर दरवेळी सारखंच येतं. एखादं ॲप 'एईएस वापरतो' एवढंच सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

पासवर्ड तोच, पण अक्षरं वेगळी

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त छळणारा आणि सगळ्यात कमी चर्चेत येणारा प्रश्न हा आहे.

पासवर्ड मराठीत ठेवणं आपल्याला सुचतं, आवडतं, लक्षातही राहतं. पण देवनागरीत दिसायला हुबेहूब सारखी दोन अक्षरं आतून वेगळी असू शकतात. 'सुऱ्या' घ्या. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून लिहितात. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत. आकड्यांचंही तेच: '५' आणि इंग्रजी पाच एकच नाहीत, आणि मराठी कीबोर्ड कुठला टाकेल ते ॲपवर ठरतं. त्यात झिप फाइलमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं पासवर्डसाठी कशी धरायची याबाबत सगळ्या सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. लॅपटॉपवर मराठी पासवर्डाने बंद केलेली झिप तिथे उघडते आणि मोबाइलवर 'चुकीचा पासवर्ड' म्हणते ती यामुळे.

म्हणून शब्द मराठी घ्या, लिहा मात्र इंग्रजी लिपीत. पण तिथेही स्पेलिंग ठरवून घ्या. 'वाटाणा' लिहिताना व साठी व्ही की डब्ल्यू, आ साठी एक ए की दोन? प्रत्येकाचा हात वेगळा. तोंडी पासवर्ड सांगणाऱ्याने शब्द सांगून थांबू नये, एकेक अक्षर सांगावं.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे जवळून बघायला मिळालं. आईचं ऑपरेशन झालेलं, टाक्यांचे फोटो परदेशातल्या मोठ्या बहिणीला पाठवायचे. ती स्वतः नर्स, त्यामुळे जखम कशी भरतेय ते तिला बघायचं होतं. भावाने फाइल नीट बंद केली, डॉक्युमेंट म्हणून पाठवली, आकारही जुळला. तरी उघडेना.

"ताई, तो डोळ्याचा आयकॉन दाब. पासवर्ड दिसू दे."

"दाबला. बरोबरच लिहिलंय रे."

"पहिलं अक्षर मोठं पडलंय का?"

"हो, मोठंच आहे. मी नव्हतं केलं."

"कीबोर्डने केलं ते. छोटं कर. आणि शेवटी जागा सुटलीय का बघ, कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटलेला हवा."

जागा सुटलेली होती. कीबोर्डच्या सुचवलेल्या शब्दांमधून शब्द निवडला की त्यामागे एक स्पेस आपोआप पडते. ती पुसली आणि फोटो उघडले. मला वाटतं, 'राँग पासवर्ड' दिसलं की हे दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारावेत: पहिलं अक्षर मोठं झालं का, आणि शेवटी स्पेस आहे का.

पासवर्ड कसा असावा? ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो, हे आता घराघरात माहीत आहे. तोच साचा आपण आपल्या फोटोंना लावतो. नाव माहीत असलेल्याला त्यात फक्त जन्मवर्ष शोधायचं उरतं. मोबाइल नंबरही तसाच. आपल्याकडचे दहा आकडी नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, मशीनला वाटत नाही. आणि ओळखीचा माणूस तर तुमचाच नंबर आधी टाकून बघेल. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. देवाचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं त्यात नकोत.

आणि फाइल ज्या चॅटमध्ये पाठवली त्याच चॅटमध्ये पासवर्ड टाकू नका. फोन करून सांगा. तो चॅट समोरच्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबमध्ये उघडा असेल तर कुलूप आणि किल्ली एकाच ठिकाणी सापडतात.

पासवर्ड स्वीकारला, तरी फोटो नाही

आयफोनवरून फोटो आला असेल तर बहुधा तो 'हाइक' (HEIC) प्रकारातला असतो. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन याच प्रकारात फोटो साठवतो. पुष्कळ विंडोज कॉम्प्युटरांवर तो उघडायला जादा कोडेक, म्हणजे तो प्रकार वाचणारं छोटं सॉफ्टवेअर, बसवावं लागतं. एन्क्रिप्शन सुटलेलं असतं, फोटो शाबूत असतो, फक्त बघायचं साधन नसतं. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील.

दुसरी अडचण विंडोजची स्वतःची. झिपवर राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हटलं की एईएसने बंद केलेली झिप उघडत नाही, आणि जो एरर येतो त्यातून खरं कारण कळत नाही. तिथे सेव्हन-झिप बसवा. मॅकवर केका चालतं, अँड्रॉइडवर झेडआर्काइव्हर.

ही अडचण टाळायला लोक एक धोकादायक मार्ग धरतात. सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार निवडला की एन्क्रिप्शनच्या खान्यात आधीपासून 'झिपक्रिप्टो' ही जुनी पद्धत निवडून आलेली असते, आणि ते विंडोजमध्ये थेट उघडतं. म्हणून तेच ठेवतात. झिपक्रिप्टो वापरू नका. एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच त्यावरचा हल्ला मांडला होता. फाइलमधला थोडा मजकूर आधीच माहीत असेल तर पासवर्ड न शोधताही कुलूप उघडता येतं. आज त्यासाठी डझनभर बाइट माहीत असले तरी भागतं, आणि जेपेग फोटोंची सुरुवात बऱ्याचदा ठरावीकच असते. फोटो न दाबता तसाच झिपमध्ये ठेवलेला असेल तर काम आणखी सोपं होतं. पासवर्ड चाळीस अक्षरी ठेवूनही इथे काही फायदा नाही.

त्यापेक्षा सेव्हन-झेड (7z) प्रकार निवडा. त्यात फक्त एईएस-२५६ असतं, आणि पासवर्डापासून किल्ली बनवताना एसएचए-२५६ च्या ५,२४,२८८ फेऱ्या होतात, त्यामुळे अंदाजाने पासवर्ड मारणाऱ्याचा वेग पडतो. 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर टिक करायला विसरू नका. ती नसेल तर पासवर्डाशिवायही आतल्या फाइलींची नावं दिसतात, आणि 'बायोप्सी' असं फाइलचं नाव असेल तर फोटो न बघताही सगळं कळतं. झिप प्रकारात नावं लपवायची ही सोय नाही.

समोरचं माणूस वयस्कर असेल, नवं ॲप टाकणं जमणार नसेल, तर मी पासवर्डवाली पीडीएफ सुचवतो. बँकेचं स्टेटमेंट, ई-आधार यामुळे हा प्रकार सगळ्यांच्या हाताखालचा आहे, 'पासवर्ड टाका' म्हटलं की कुणी गोंधळत नाही. लिबरऑफिसमध्ये फोटो घालून पीडीएफ एक्स्पोर्ट करताना सिक्युरिटीच्या टॅबमध्ये उघडण्याचा पासवर्ड देता येतो. मात्र 'ऑनलाइन पीडीएफ लॉक करा', 'ऑनलाइन इमेज एन्क्रिप्ट करा' अशा ठिकाणी जाऊ नका. तिथे कुलूप लावण्याआधी तुमचा उघडा फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलेला असू शकतो. आधार पाठवायचा असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

सगळं उघडलं, पण साधी प्रत कुठे राहिली?

उघडत नाही ही तक्रार संपली की खरं काम सुरू होतं, कारण फोटो बाहेर पडतात ते बहुधा कुलूप तोडून नाही. कुलपाबाहेर राहिलेल्या प्रतीतून पडतात.

पाठवणाऱ्याकडे मूळ फोटो गॅलरीत असतोच. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर तो केव्हाच वर गेलेला असतो. तिथून काढला तरी बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड' मध्ये ३० दिवस. दोन्ही हाताने रिकामे करावे लागतात. घरातल्या टीव्हीवर किंवा टॅबवर तेच अकाउंट असेल तर तिथेही नजर टाका.

घेणाऱ्याकडे आणखी एक गोष्ट घडते, जी फारशी कुणी बघत नाही. सेव्हन-झिपच्या खिडकीतूनच फोटोवर डबल क्लिक केलं की तो दिसावा म्हणून त्याची साधी प्रत विंडोजच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये तयार होते. मध्येच काही बंद पडलं तर ती तिथेच पडून राहते. फोल्डरमध्ये काढून पाहिलं तर थंबनेलच्या साठ्यात छोटं चित्र उरू शकतं. अँड्रॉइडवर डाउनलोडमध्ये काढलं तर गॅलरीला ते सापडतं, आणि त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर फोटो समोरच्याच्याही क्लाउडवर जातो. फाइल पाठवण्याआधी समोरच्याला फोनवर एवढं विचारा: तुझा डाउनलोड फोल्डर बॅकअपला लावलाय का?

व्हॉट्सॲपबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. एप्रिल २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे ते फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येतात, हे खरं. पण गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या चॅट बॅकअपला तेच कुलूप आपोआप लागत नाही. ती सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपणच सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. दोघांपैकी एकाचाच बॅकअप बंदिस्त असून उपयोग नाही. 'व्ह्यू वन्स'ने पाठवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप अडवतं, पण दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार? टेलिग्रामच्या साध्या चॅटमध्ये एंड-टू-एंड नाहीच, ते फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये असतं.

डॉक्युमेंट म्हणून पाठवताना, किंवा फाइल बंद करून पाठवतानाही, फोटोसोबतची एक्झिफ माहिती, म्हणजे तो कधी, कुठे, कशाने काढला याची नोंद, जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश त्यात असतात. विंडोजवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या टॅबखाली ही माहिती काढून टाकायचा पर्याय आहे. आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन लोकेशन बंद करा. नुसतं क्रॉप करण्यावरही फार भिस्त ठेवू नका. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गूगलच्या 'पिक्सेल' फोनच्या मार्कअप साधनात क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता आणि बराचसा परत मिळवता येत होता. ती त्रुटी दुरुस्त झाली, पण आधी पाठवलेले फोटो तसेच आहेत.

कॅल्क्युलेटरसारखे दिसणारे 'व्हॉल्ट' ॲप घेऊ नका. त्यातले बरेच फक्त फोटो लपलेल्या फोल्डरमध्ये हलवतात आणि नाव बदलतात. ॲप काढलं की फोटोही जातात. गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये बॅकअप चालू न करता ठेवलेले फोटोही ॲप काढलं किंवा फोन रीसेट केला की जातात. खऱ्या एन्क्रिप्शनमध्ये 'फरगॉट पासवर्ड' नसतो. म्हणून मूळ फोटो पुसण्याआधी बंद केलेली फाइल दुसऱ्या उपकरणावर एकदा उघडून बघा, आणि पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

फोटो आधीच बाहेर गेला असेल तर

घाबरून चॅट डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट, लिंक, प्रोफाइलचं नाव, तारीख-वेळ जपा. धमकावून पैसे मागितले जात असतील तर देऊ नका. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढणं, पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटो मुळात तुम्हीच विश्वासाने पाठवलेला होता म्हणून तो पसरवायची संमती दिली असं होत नाही. ठाण्यात कुणी तसं सुचवलं तर हे ठामपणे सांगा, सोबत कुणाला तरी घेऊन जा.

प्रौढांच्या खासगी फोटोंसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आहे. ती तुमच्याच उपकरणावर फोटोचा हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांचा ठसा, काढते, फोटो कुठेही अपलोड होत नाही. तो हॅश सहभागी प्लॅटफॉर्मना जातो आणि जुळणारा फोटो ते अडवू शकतात. आणि तो फोटो 'बघ, हाच तो' म्हणून पुरावा दाखवायलाही मित्रमैत्रिणींना फॉरवर्ड करू नका. तपास अधिकाऱ्याने मागितला तर तो कसा द्यायचा हे त्यांनाच विचारून, तसाच द्या.